पिवळं काढ

“अक्का, खरं सांगा. यातली कुठली साडी तुम्ही घ्याल?”

धनलक्ष्मीनं माझ्या पलंगावर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडल्या. एक खरीखुरी कांचीपुरम साडी, पिकल्या आंब्याच्या रंगाची, काठ डाळिंबी. दुसरं म्हणजे एका साडीच्या दुकानाचं नवंकोरं कॅटलॉग, बाराव्या पानावर उघडलेलं. त्या पानावर एक मुलगी साडी नेसून हसत उभी होती. साडीचा रंग दूध जास्त झालेल्या गाजरहलव्यासारखा, काठ जांभळट. मुलगी तर आठ दिवस तापात झोपून आत्ताच उठल्यासारखी वाटत होती.

“ही घेईन,” मी खऱ्या साडीवर हात ठेवला.

“ती आणि ही एकच साडी आहे, अक्का.”

कप्पाळ! पान बघताक्षणीच कळलं होतं मला, हे काम कुणाचं ते.

धनलक्ष्मी म्हणजे आमच्या यांच्या छापखान्याची मालकीण. इकडं तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या वडिलांनी हा ऑफसेटचा छापखाना काढला, ते गेल्यावर ही बघते. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी. ती अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी बोलते आणि मी माझं बाजारापुरतं तमिळ. पण एवढ्या वर्षांत आमचं कधी अडलं नाही. मी आपलं सगळं मराठीतच सांगते, तेवढी सूट घेते. तिच्या प्रेसमध्ये आमचे हे, दिनकर, तेहतीस वर्षं रंग जुळवतात.

रंग जुळवतात म्हणजे काय, ते लग्न झाल्यावर मलाही कळत नव्हतं. माहेरी सांगायची पंचाईत व्हायची. जावई काय करतात? रंग जुळवतात. म्हणजे रंगारी का? नाही हो! कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो तो रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा. ते दोन्ही आपणहून कधी जुळत नाहीत. पडद्यावरचा गुलाब लालभडक, छापून आला की विटकरीसारखा. तर मशीन पूर्ण वेगानं सुरू करायच्या आधी पहिला कागद यांच्यापुढे येतो. हे तो खिडकीच्या उजेडात धरतात, भिंग लावतात आणि सांगतात, लाल थोडं वाढव, काळं उतरव. मनासारखं झालं की कागदाच्या कोपऱ्यात सही करतात. मग मशीनवाला तो सहीचा कागद डोळ्यांसमोर ठेवून बाकीचे हजारो छापतो. पडदा काय म्हणतो ते नाही, सहीचा कागद काय म्हणतो ते खरं. त्यासाठी हे आयुष्यभर राखाडी शर्ट घालत आले. रंगीत शर्टाची छाया कागदावर पडते म्हणे! तेहतीस वर्षं मी राखाडी शर्ट वाळत घालतेय. आम्ही राहतो त्या आवडी गावात आमच्या चाळीच्या बायकांना पहिली पाच वर्षं वाटायचं, हे जेलात नोकरीला आहेत.

“अकरा हजार प्रती छापून झाल्या,” धनलक्ष्मी म्हणाली. “दुकानदारानं ही साडी आणून माझ्या टेबलावर टाकली. म्हणाला, आवणी महिन्यातल्या लग्नांची गिऱ्हाइकं पुस्तक दाखवून पानावरची साडी मागतील, मी कुठून देऊ?”

“यांना सांगितलंत?”

“कसं सांगू अक्का? शीटवर सारची सही आहे.” सार म्हणजे सर, प्रेसमध्ये यांना सगळे तसंच म्हणतात. “माझे अप्पा म्हणायचे, मशीन विकत मिळतं, दिनकर सारचा डोळा मिळत नाही. त्यांना मी सांगू, की तुमचा डोळा चुकला?” मग ती पलंगावर बसली आणि पदरानं मान पुसत हळूच म्हणाली, “आणि हे पहिलं नाहीये. पोंगलपासून चाललंय. कौशिक कॉम्प्युटरवर सगळं नीट जुळवून देतो, आणि सार म्हणतात, पिवळं काढ. अजून काढ. सही करून सार जेवायला गेले, की कौशिक मशीनवाल्याला सांगून पिवळी शाई परत वाढवतो. या वेळी तो बहिणीच्या लग्नाला मदुरैला गेला होता.”

कौशिक म्हणजे तिथला कॉम्प्युटरवाला मुलगा. याच्या नावानं मी घरी रोज शिव्या ऐकत होते. त्याचा पडदा खोटा, त्याचं मोजायचं यंत्र खोटं, यंत्राला काय डोळे असतात का? वर्षभरात यांनी त्याला तीन मॉनिटर बदलायला लावले. आणि तो पोरगा सहा महिने यांची चूक गुपचूप निस्तरत होता.

“तुम्ही सांगा अक्का,” धनलक्ष्मी म्हणाली. “तुमचं ऐकतील.”

माझं ऐकतील! माझं ऐकलं असतं तर मी आज मिरजेत नसते का?

मिरजेला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. अकरा वर्षांपूर्वी घेतलं आणि अजून मी त्यात एक रात्र झोपलेली नाही. माझा भाऊ संजीव महिन्यातून एकदा कुलूप उघडतो, नळ सोडतो, पंखे फिरवतो आणि मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. नळातून आधी गंजकं पाणी येतं, मग स्वच्छ येतं. बस्स, एवढाच व्हिडिओ. मी तो किती वेळा बघते, विचारू नका. मागं खिडकीतून कुणीतरी खालच्या बाईला ओरडून विचारतं, “अगं ए, मेथी केवढ्याला घेतलीस?” ते ऐकायला बघते. तेहतीस वर्षं मेथीचा भाव मी तमिळमध्ये विचारतेय. भिंतींना पिस्ता रंग दिलाय असं संजीव सांगतो. मोबाइलवर तो कधी निळा दिसतो, कधी राखाडी. तिथं जाऊन उभं राहिल्याशिवाय काही कळायचं नाही.

मुलगा संकेत इथल्याच ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात होता तोवर मी निमूट होते. तोही तीन वर्षांपूर्वी बदली घेऊन चाकणला गेला. मग मी यांच्या मागं लागले. हे म्हणायचे, पोंगलची कॅलेंडरं होऊ देत. कॅलेंडरं झाली की शाळेची पुस्तकं. पुस्तकं झाली की दिवाळी. साठी झाली, एकसष्टी झाली. पालथ्या घड्यावर पाणी! “मी गेलो तर रंग कोण बघणार गं?” असं म्हणायचे आणि पेपरमधल्या जाहिरातीकडे डोळे बारीक करून बघत बसायचे. मी नवी साडी नेसून समोर आले तर म्हणायचे “छान”, आणि पुढच्या श्वासाला, “या जाहिरातीत मॅजेंटा किती ओतलाय बघ.”

आता जे सांगते ते मी धनलक्ष्मीला सांगितलं नाही.

दीड वर्षापूर्वी यांनी एकदा बनियन हातात धरून मला हाक मारली. “हे पांढरं म्हणायचं का? किती पिवळट राहतंय. नीळ घाल.” मी नीळ घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा, “अजून घाल.” तीन थेंबांचे सहा केले, सहाचं बूच झालं. दोरीवर यांची बनियनं आकाशासारखी निळी दिसायला लागली. समोरच्या विमलावहिनी, यजमानांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आमच्यासारख्याच इकडं आलेल्या, त्या एक दिवस जिन्यात म्हणाल्या, “काय हो, भावजींनी कृष्णलीलेत काम धरलंय की काय?” मी हसले. हे मात्र तीच बनियनं उजेडात धरून म्हणायचे, “हं, आता जरा पांढरी वाटतात.”

खोटं कशाला बोलू? मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या वडिलांचा मोतीबिंदू पिकत होता तेव्हा ते आईला विचारायचे, दुधात हळद घातलीस का म्हणून. हाताच्या काकणाला आरसा कशाला? पण मी तोंडातून ब्र काढला नाही. मनात म्हटलं, रंग चुकायला लागले की प्रेसवालेच यांना घरी बसवतील. मग काय, मिरजेची गाडी! देवाशपथ, यांचा डोळा जावा असं माझ्या मनात कधी आलं नाही. नोकरी जावी एवढंच आलं. पण तेहतीस वर्षं संसार केलेल्या बाईनं नवऱ्याचं दिसणं कमी होताना बघायचं, आणि बूच भरभरून नीळ ओतत राहायचं, याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी माझं म्हणून झालंय.

संध्याकाळी साडेसहाला हे आले. चपला काढत होते तेव्हाच मी टेबलावर दोन रुमाल ठेवले.

“अहो, यातला पांढरा कुठला?”

“दोन्ही पिवळट आहेत,” हे म्हणाले. “नीळ संपली का?”

“एक पांढरा आहे. दुसरा लिंबासारखा पिवळा आहे.”

हे हसले. “माझी परीक्षा घेतेस होय? बरं वाटतंय ना तुला?”

मी कॅटलॉग पुढं केलं आणि वर साडी ठेवली. म्हटलं, धनलक्ष्मी येऊन गेली. ही साडी आणि हे पान, बघा. हे दोन्ही घेऊन गॅलरीत गेले. अजून उजेड होता. भिंग काढलं. पान वाकडं धरलं, सरळ धरलं. बराच वेळ लागला.

“जुळलंय की,” म्हणाले.

“नाही जुळलं.”

“त्या कॉम्प्युटरवाल्यानं कान भरले वाटतं सगळ्यांचे. त्याचा पडदा दाखवतो ते खरं, आणि मी...”

“अहो, मला दिसतंय!” माझा आवाज चढला. “विमलावहिनींना बोलवू? त्यांनाही दिसेल. अख्ख्या आवडीला दिसेल. तुम्हाला तेवढं दिसत नाहीये.”

तोंडातून निघून गेलं. हे गॅलरीतल्या स्टुलावर बसले. मांडीवर ती साडी, तिच्यावर हात. चहा केला, तो निवला. मग मला विचारलं, “कधीपासून असेल गं?”

“ते डॉक्टर सांगतील,” मी म्हटलं आणि आत निघून गेले. चोराच्या मनात चांदणं.

डॉक्टरीण तरुण होती. यांचे डोळे तपासून म्हणाली, दोन्हीकडचे मोतीबिंदू चांगलेच पिकलेत, डोळ्यांतली भिंगं चहासारखी झालीत. “सार, तुम्ही काम काय करता?” यांनी सांगितलं. ती म्हणाली, “इतके दिवस कसं केलंत?” हे म्हणाले, “सवयीनं.” आधी डावा डोळा करायचा ठरला, महिन्यानं उजवा.

ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला गेलो. मी शेजारी थर्मास धरून उभी. आपली गंमत सांगते, त्या दिवशी मी मुद्दाम केळीच्या पानासारखी हिरवी साडी नेसले होते. म्हटलं, नव्या डोळ्यानं पहिल्यांदा काहीतरी चांगलं दिसू दे माणसाला! नर्सनं पट्टी काढली. यांनी डोळा मिचकावला, पुन्हा उघडला.

“अरे,” म्हणाले. “पांढरा. केवढा पांढरा आहे हा!”

नर्सच्या कोटाबद्दल बोलत होते. मग नजर फिरली, माझ्यावरून गेली, आणि थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर. “तो समुद्र बघ! छपाईचा निळा, सायन, असा असतो गं, असा असतो!” डावा डोळा तळहातानं झाकायचे, उजवा झाकायचे. एका डोळ्याला समुद्र निळा, दुसऱ्याला शेवाळलेला. लहान मूल झालं होतं यांचं. नर्स हसत होती. मीही हसले, आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. चहा बघून म्हणाले, “हा बरोबर दिसतोय. दोन्हीनं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडून उभे राहिले. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. बराच वेळ काही आवाज नाही, म्हणून गेले. पलंगावर यांची सगळी बनियनं मांडलेली. सात. आठवं हातात.

“ही निळी कुणी केली?”

“तुम्हीच. अजून घाल, अजून घाल म्हणायचात.”

“आणि तू घालत राहिलीस?”

सांगता आलं असतं काहीतरी. नवीन बाटलीची नीळ जहाल निघाली, नाहीतर मलाही कमी दिसतं हल्ली. विश्वासही ठेवला असता यांनी. माझ्या बोलण्याकडे लक्ष कधी होतं? पण त्या एका स्वच्छ डोळ्यापुढं खोटं बोलवेना.

“मला कळलं होतं,” म्हटलं. “पहिल्या महिन्यातच. माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं.”

“मग?”

“म्हटलं, तुमची नोकरी सुटेल. मिरजेला जाता येईल.”

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, तेहतीस वर्षांचं एकदाचं बाहेर पडलं असतं. यांनी बनियनं एकेक घडी करून पुन्हा कपाटात ठेवली. हातातलं अंगात घातलं, त्यावर राखाडी शर्ट, बटणं लावली. मग फक्त म्हणाले, “तू सांगायला हवं होतंस.”

चार दिवस आमच्या घरात “जेवायला वाढू का” आणि “थेंब टाकायचेत” एवढंच बोलणं झालं. डोळ्यात थेंब मी घालायची. मान मागं टाकून छताकडे बघत बसायचे, मी वरून वाकायची. एवढ्या जवळून त्यांचा डोळा बघायची, पण ते छताकडेच बघायचे. आपलेच दात, आपलेच ओठ! तक्रार करायची कुणाकडे?

पाचव्या दिवशी धनलक्ष्मीचा फोन आला. कॅटलॉग नव्यानं छापायचं होतं. “सारनी येऊन शीट बघावं. सारनी बघितल्याशिवाय मशीन चालू करणार नाही.” यांना अजून स्कूटर चालवायची बंदी होती, म्हणून मी बरोबर गेले. रिक्षात काळा चष्मा लावून हे बाहेर बघत होते. दुकानांच्या पाट्या, पिवळ्या रिक्षा, फुलवालीची शेवंती. एकदोनदा तोंड उघडलं, मला काहीतरी दाखवायचं असावं. पुन्हा मिटलं.

प्रेसमध्ये मी फारशी कधी गेले नव्हते. शाईचा आणि रॉकेलचा वास, आणि मधे ते मशीनचं धूड, बंद. यांच्या खोलीच्या भिंतीसुद्धा राखाडी! कौशिक उभा राहिला. बारीक, चष्मेवाला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी गरीब चेहऱ्याचा. त्यानं एका बाजूला पडदा सुरू केला, मधे नुकताच छापलेला कागद ठेवला, आणि त्याला लागून ती आंब्याची साडी पसरली. मग तो दोन पावलं मागं सरला.

यांनी काळा चष्मा काढला. उजवा डोळा तळहातानं झाकला. पडद्याकडे बघितलं. कागदाकडे बघितलं. साडीकडे बघितलं. पुन्हा पडदा. मशीनवाला, धनलक्ष्मी, सगळे आपले उभे. मी शिकवणीला आलेल्या मुलाच्या आईसारखी दाराशी.

“बरोबर आहे,” हे म्हणाले.

धनलक्ष्मी मशीनवाल्याकडे वळली. पण हे तिथून हलले नाहीत.

“माझे सहीचे कागद आण,” कौशिकला म्हणाले. “पोंगलपासूनचे.”

कौशिकनं धनलक्ष्मीकडे बघितलं. ती खाली बघायला लागली. त्यानं ड्रॉवर उघडला. यांनी कागद एकामागून एक टेबलावर टाकले. मसाल्याच्या पाकिटाचा, कॅलेंडरचा, नर्सरीच्या पुस्तकाचा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात यांची ती वळणदार सही. आणि सगळे कागद, मलासुद्धा दिसत होते, थंडीनं गारठल्यासारखे. मग यांनी भिंतीवरचं छापून बाहेर गेलेलं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं. कॅलेंडरात देवीच्या अंगावर हळद होती. सहीच्या कागदावर नव्हती.

“हे तू केलंस?”

“सॉरी सार,” कौशिक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “सांगायला धीर झाला नाही सार. तुम्हीच शिकवलंत मला.”

“प्रत्येक वेळी?”

“हो सार.”

यांनी मान हलवली. मला वाटलं, आता यालाही म्हणतील, तू सांगायला हवं होतंस. नाही म्हणाले. खिशातून पेन काढलं, झाकण उघडलं. सगळे वाट बघत होते. यांनी पेन कौशिकपुढं धरलं.

“सही तू कर.”

“नको सार. सही तुमचीच पाहिजे. प्लीज सार.”

“सहा महिने माझ्या सहीमागं काम केलंस. आता स्वतःच्या सहीनं कर.”

मला हेच हवं होतं ना? अकरा वर्षं हेच मागत होते ना मी देवाकडे? नळाचा व्हिडिओ बघत, मेथीची हाक ऐकत? आणि आता वाटलं, पुढं व्हावं, ते पेन हिसकून यांच्या हातात परत द्यावं. अहो, तुम्हीच करा! मिरज कुठं पळून जात नाही. अजून वर्षभर करा, दोन वर्षं करा. पण त्या खोलीत माझं काय चालणार? मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

कौशिकनं सही केली. अक्षर एवढंसं आलं.

“तारीख घाल,” हे म्हणाले. “वेळ पण घाल. नंतर भांडण होत नाही.”

मशीन सुरू झालं. आवाज एवढा होता की धनलक्ष्मी काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. ती यांच्या पाया पडली. हे गडबडले. मग काळा चष्मा लावून बाहेर आले आणि मागं न बघता गेटपर्यंत चालत गेले. मी मागं मागं. गेटबाहेर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसलो. दोन चहा सांगितले.

“तिकिटं काढ,” हे म्हणाले.

“कुठली?”

“मिरजेची. संकेतला सांग, तो मोबाइलवर काढतो.”

किती वेळा मी हे वाक्य यांच्या तोंडून मनातल्या मनात ऐकलं होतं! त्यावर आपण काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. “उजवा डोळा झाल्यावर बघू,” मी म्हटलं. “घाई काय आहे?”

“तुला घाई नाही?”

“नाही.”

चहा आला. टपरीवाल्यानं यांना सार म्हणून सलाम केला, पैसे नको म्हणाला. हे फुंकर मारत बसले. समोरून कारखान्यांची पाळी सुटलेली माणसं जात होती, डबे घेऊन, निळ्या वर्दीतली, खाकी वर्दीतली. एक लॉरी कागदाची रिळं घेऊन आत गेली. यांनी तिच्याकडे मान वळवली नाही.

“कल्पना,” म्हणाले. “मला आणखी काय काय दिसत नव्हतं?”

टोमणा असेल असं वाटलं. तोंडाकडे बघितलं तर टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. यादी माझ्याकडे तयार होती, तेहतीस वर्षांची. कुठून सुरू करू असं झालं, आणि मग एकदम ती सगळी यादी एकाच शब्दाची निघाली.

“मी दिसत नव्हते,” म्हटलं.

यांनी चहाचा पेला बाकावर ठेवला. काळा चष्मा काढून खिशात घातला. उजवा डोळा झाकला, आणि डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघायला लागले. कपाळ, डोळे, हनुवटी. अगदी सावकाश. बाकावर, भर रस्त्यात! सत्तावन्न वर्षांची बाई मी, मला घाम फुटला.

“पुरे,” म्हटलं. “लोक बघतायत.”

“बघू देत.”

मी पदर सारखा केला. तरी बघत होतेच.

“केस केवढे पांढरे झाले गं तुझे,” हे म्हणाले. “कधी झाले?”

“इथंच झाले,” मी म्हटलं.